वेगळ्याच रंगाचा साप दिसला तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाचा पाऊस पडून पेरण्या उरकल्या की आमच्या भागात साप निघाल्याचे फोन सुरू होतात आणि त्यांतले काही फोन हमखास "असा रंग आजवर पाहिला नाही" या वाक्याने सुरू होतात. कोणी पांढरा म्हणतो, कोणी निळा, कोणी शेंदरी. विदर्भातील गावांमध्ये सापांबाबत काम करताना हेच प्रश्न पुन्हापुन्हा कानांवर आले, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. खवल्यांच्या ज्या खुणा पुढे सांगितल्या आहेत, त्या दुरून घेतलेल्या छायाचित्रात किंवा टाकलेल्या कातीवर पाहण्यासाठी आहेत. जिवंत सापाजवळ वाकून पाहण्यासाठी नाहीत.

वावरात पूर्ण पांढरा साप दिसला. ही कोणती जात असावी?

पांढऱ्या रंगाची अशी सापाची वेगळी जात विदर्भात नाही. आपल्याला दिसलेला साप नाग, मण्यार, धामण, दिवड, कवड्या यांच्यासारख्या नेहमीच्याच एखाद्या जातीचा असतो. फक्त त्याच्या कातडीत रंगद्रव्य नीट तयार झालेले नसते. सापाचा रंग तीन गोष्टींच्या मेळातून बनतो : मेलॅनिन हे काळे-तपकिरी रंगद्रव्य, पिवळी व तांबडी रंगद्रव्ये धरून ठेवणाऱ्या पेशी, आणि प्रकाश परतवणारे बारीक स्फटिक असलेल्या पेशी. यांपैकी मेलॅनिन मुळीच बनत नसेल तर तो साप अल्बिनो होतो. पिवळे द्रव्य मात्र त्याच्या अंगात शिल्लक असू शकते. त्यामुळे अल्बिनो साप कागदासारखा पांढरा क्वचितच दिसतो. बहुधा तो लोण्यासारखा पिवळसर किंवा फिकट गुलाबी असतो, आणि त्याचा डोळा लालसर दिसतो, कारण तेथेही रंगद्रव्य नसल्याने आतील रक्तवाहिन्यांचा रंग बाहेर येतो.

दुसरा प्रकार ल्युसिस्टिक सापांचा. यांच्या कातडीत सर्वच प्रकारच्या रंगपेशींची कमतरता असते, म्हणून अंग खरोखर पांढरे दिसते, पण डोळा काळाभोरच राहतो. काही सापांत ही कमतरता अंगाच्या काही भागापुरती असते आणि साप ठिगळे लावल्यासारखा दिसतो. तेव्हा पांढऱ्या सापाचे छायाचित्र कोणी पाठवले की आम्ही सर्वांत आधी डोळा पाहतो.

अल्बिनोपणा आनुवंशिक असतो. आई-बाप दिसायला अगदी नेहमीच्या रंगाचे असले तरी दोघांच्याही अंगी तो गुण सुप्त असेल, तर त्यांच्या पिल्लांपैकी साधारण चौथा हिस्सा अल्बिनो निघू शकतो. तरीही मोठे झालेले अल्बिनो साप फारच कमी आढळतात, आणि त्याचे कारण आपल्या मातीत आहे. काळ्याशार जमिनीवर असे पिल्लू फुटलेल्या बोंडासारखे दुरूनही उठून दिसते, आणि घार, मोर, मुंगूस यांच्या नजरेतून सुटणे त्याला कठीण जाते. पूर्ण वाढलेला अल्बिनो साप हाती येतो तो बहुतेक वेळा कुटाराच्या (मळणीनंतरच्या भुशाच्या) ढिगात, जुन्या विहिरीच्या बांधणीत किंवा घराच्या जोत्यात, म्हणजे जेथे उजेड फारसा पोहोचत नाही तेथे.

पांढऱ्या सापाला विष नसते, तो देवाचा असतो, असे वडीलधारे सांगतात. हे खरे आहे का?

विष तयार होते ते विषग्रंथींत आणि रंग तयार होतो तो कातडीत. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. अल्बिनो नागाचे विष रंगीत नागाच्या विषाइतकेच घातक असते.

येथे माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी सोयाबीनची मळणी आटोपल्यानंतरच्या दिवसांत एका शेतकऱ्याच्या कुटाराच्या ढिगात गुलाबीसर पांढरा साप निघाला. मी पोहोचलो तोवर घरच्या बायकांनी चार हात अंतरावर हळद-कुंकू वाहिले होते, उदबत्ती खोचली होती, आणि दोन मुले अगदी जवळ उकिडवी बसून पाहत होती. साप वेटोळ्यात डोके खुपसून निवांत पडला होता. अंगावर अगदी पुसट पट्टे दिसत होते. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "कवड्या हाय गा, काही करत नाही." मलाही पहिल्या नजरेत तसेच वाटले आणि मी वाकूही लागलो. तेवढ्यात कोणीतरी बॅटरीचा झोत तिरपा धरला आणि पाठीच्या कण्यावरून शेपटीपर्यंत गेलेली मोठ्या, षट्कोनी खवल्यांची ओळ लख्ख चमकली. तो बिनविषारी कवड्या नव्हता, विषारी मण्यार होती. मण्यार दिवसा अशीच सुस्त पडून असते. तिची चपळाई रात्रीची. तिच्या त्या शांतपणाला आम्ही सगळेच सोज्वळपणा समजलो होतो. त्या दिवशी कोणाला काही झाले नाही, हे केवळ नशीब. तेव्हापासून ओळख पक्की होईपर्यंत प्रत्येक साप विषारीच समजायचा, हा नियम मी स्वतःसाठी घालून घेतला आहे.

श्रद्धेबद्दल माझी काही तक्रार नाही. नागपंचमीच्या सुमारास आमच्याकडून कितीतरी लोक सातपुड्यात नागद्वारच्या यात्रेला जातात, आणि ज्या समाजाने सापाला पूजले त्याच समाजात तो टिकून राहिला आहे, हेही खरे. हात दुरून जोडावेत, इतकेच. दूध ठेवण्याचे मात्र कारण नाही. साप दुधावर जगत नाही.

पट्टे फिके असतील किंवा मुळीच नसतील, तर मण्यार आणि कवड्या यांच्यातील फरक कसा ओळखावा?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण विदर्भातील घरांमध्ये सर्वाधिक गल्लत याच दोन सापांची होते आणि रंग थोडा जरी बिघडला तरी ती आणखी वाढते.

नेहमीच्या रंगाच्या मण्यारीवर, जिला काही गावांत दंडेकार म्हणतात, निळसर काळ्या अंगावर पांढरे बारीक आडवे पट्टे असतात. ते बहुधा जोडीजोडीने येतात, डोक्यापासून काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे अधिक ठळक होत जातात. कवड्याचे नेमके उलट असते : त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, तेथेच सर्वांत रुंद असतात आणि शेपटीकडे विरत जातात. परंतु काही मण्यारींवर, विशेषतः मोठ्या वयाच्या मादी-नरांवर, पुढच्या अर्ध्या अंगाचे पट्टे नाहीसे झालेले असतात, काहींवर पट्ट्यांऐवजी नुसते ठिपके उरतात, तर एखादी पूर्ण काळीही असते. अशा वेळी पट्टे मोजत बसण्यात अर्थ नाही.

खवले मात्र रंगासोबत बदलत नाहीत. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध कण्यावरील खवले बाजूच्या खवल्यांपेक्षा स्पष्टपणे मोठे आणि षट्कोनी असतात. कवड्याचे पाठीवरील सर्व खवले सारख्याच आकाराचे असतात. शेपटीच्या खालच्या बाजूला मण्यारीचे खवले अखंड, एकेरी असतात, तर कवड्याचे मधोमध दुभागलेले, जोडीने असतात. मण्यारीचे डोके मानेपेक्षा फारसे रुंद नसते; कवड्याचे डोके चपटे आणि पुढे थोडे फावड्यासारखे असते. कवड्या भिंतीवर, छपरावर, कवेलूंमध्ये सहज चढतो, कारण तो पालींच्या मागावर असतो. पण साप भिंतीवर दिसला म्हणून तो कवड्याच, असे ठामपणे म्हणू नये.

एक सावधगिरी. कण्यावरील मोठ्या खवल्यांची ओळ रुका आणि मांजऱ्या या सापांमध्येही असते, आणि त्या दोघांपासून माणसाला धोका नाही. म्हणजे ही खूण दिसली की साप मण्यारच असेल असे नाही. परंतु ती दिसत असताना "हा कवड्या आहे" असे मात्र कधीही म्हणता येणार नाही.

काळाकुट्ट साप दिसला. तो कोणता असू शकतो?

काळ्या रंगावरून जात सांगणे सर्वांत अवघड. मेलॅनिन गरजेपेक्षा जास्त तयार झाले की साप काळा होतो, पण आपल्याकडे त्या विकृतीविनाही कितीतरी साप काळे दिसतात. नागाचा रंग गव्हाळापासून गडद काळ्यापर्यंत कोणताही असू शकतो. पूर्वेकडे छत्तीसगडच्या सीमेलगत नागाला डोमी म्हणतात. गव्हाळ नाग आणि काळा नाग या दोन जाती आहेत, अशी अनेकांची समजूत आहे. ती चुकीची आहे, जात एकच. फण्यावरचा दहाचा आकडा किंवा चष्म्याची खूण काही नागांवर अर्धवट असते, काहींवर मुळीच नसते. म्हणून आकडा नाही तर नाग नाही, हा हिशेब धोक्याचा आहे. छायाचित्र चांगले असेल तर वरच्या ओठावरील तिसरा खवला पाहावा : नागात तो एका बाजूला नाकपुडीच्या खवल्याला आणि दुसऱ्या बाजूला डोळ्याला टेकलेला असतो.

धामणही फिकट पिवळ्यापासून जवळपास काळ्यापर्यंत अनेक रंगांत आढळते. तिच्या ओठांवरील खवल्यांच्या कडांना काळ्या उभ्या रेघा असतात आणि डोळा मोठा असतो. म्हातारे मांडूळही काळपट होते, पण त्याची बोथट शेपटी त्याची ओळख लपू देत नाही. आणि काही वेळा उत्तर याहूनही साधे असते : चिखलणी चालू असलेल्या बांधीतून निघालेला साप काळा दिसतो, कारण तो चिखलाने माखलेला असतो.

चार दिवसांपूर्वी कोठ्यात निळसर, मळकट साप दिसला होता. आज तोच साप चकचकीत दिसला. साप रंग बदलतो का?

सरड्यासारखा नाही. आपण पाहिले ती कात टाकण्याआधीची अवस्था होती. जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव साठतो, त्यामुळे सगळा रंग धुरकट होतो आणि डोळ्यांवर निळसर दुधाळ पडदा आल्यासारखे दिसते. काही दिवसांनी डोळे पुन्हा निवळतात आणि त्यानंतर लवकरच कात गळून पडते. या काळात सापाला नीट दिसत नाही, म्हणून तो एरवीपेक्षा लवकर दचकतो. दुधाळ डोळ्यांचा साप आंधळा किंवा म्हातारा समजून कोणी त्याला काठीने सरकवू नये.

निळ्या रंगाची आणखी दोन कारणे सांगण्याजोगी आहेत. रुका हा बारीक, तपकिरी पाठीचा झाडावरचा साप घाबरून मान फुगवतो, तेव्हा खवल्यांच्या मधली आकाशी रंगाची कातडी उघडी पडते. नानेटीच्या मानेवरही तसाच निळा रंग दिसतो. हरणटोळ फुगला तर हिरव्या अंगावर काळ्यापांढऱ्या जाळीची नक्षी उमटते. हे सर्व रंग मूळचेच असतात, एरवी ते झाकलेले असतात, आणि साप शांत झाला की पुन्हा दिसेनासे होतात.

दुसरे कारण मेलेल्या सापांचे. हरणटोळासारखा हिरवा साप मेल्यानंतर काही काळाने निळसर दिसू लागतो. सापाचा हिरवा रंग म्हणजे स्फटिकांचा निळा आणि त्यावरचे पिवळे द्रव्य यांचे मिश्रण. पिवळे द्रव्य नाहीसे झाले की निळा उरतो. रस्त्यावर चिरडलेला निळा साप नवीन जातीचा आहे, असे सांगणारे संदेश दरवर्षी फिरतात, त्यांतील बरेचसे बिचाऱ्या हरणटोळाचे असतात.

लहान सापांचा रंग मोठ्यांपेक्षा वेगळा असतो का?

काही जातींत इतका वेगळा, की लोक पिल्लाला दुसरीच जात समजतात. गवत्याचे पिल्लू याचे ठळक उदाहरण आहे. मोठा गवत्या साधा हिरवा असतो, पण त्याच्या पिल्लाच्या मानेवर काळा व पिवळा भडक पट्टा असतो आणि पहिल्या पावसानंतर धुऱ्यावरच्या गवतात ते दिसले की हमखास मारले जाते. ते निरुपद्रवी आहे. मांडुळाचे पिल्लू तांबूस नारिंगी असून त्याच्या शेपटीवर काळे पट्टे असतात. पुढे वयानुसार तो रंग तपकिरीत मिसळून जातो. धामणीच्या पिल्लावर फिकट आडवे पट्टे असतात, ते वाढल्यावर जातात.

नागाची पिल्ले साधारण पावसाळ्याच्या तोंडावर अंड्यांतून बाहेर येतात. ती करंगळीएवढी जाड असली तरी विषारी असतात आणि फणाही काढतात. एका घरात एकापाठोपाठ फिकट रंगाची लहान पिल्ले निघू लागली, तर जवळपास अंडी घातलेली जागा आहे असे समजून सर्पमित्राला बोलवावे.

पिवळे-काळे पट्टे असलेला साप आमच्या धानाच्या बांधीत निघाला. हा रंग बिघडलेला साप आहे का?

नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या पूर्वेकडील पट्ट्यात पट्टेरी मण्यार आढळते, तिलाच आग्या मण्यार म्हणतात. तिच्या अंगावर काळे आणि पिवळे पट्टे जवळपास सारख्या रुंदीचे असतात, पाठ कण्यावर उंचावलेली, त्रिकोणी असते आणि शेपटीचे टोक बोथट, कापल्यासारखे असते. ती विषारी आहे, दिवसा सुस्त असते आणि प्रामुख्याने इतर साप खाते. पश्चिम विदर्भातील वाचकांना ती अपरिचित वाटते, पण तो तिचा नेहमीचाच रंग आहे.

घोणस नेहमीपेक्षा लालसर किंवा फिकट असू शकते का?

असू शकते. घोणशीचा मूळ रंग मातीप्रमाणे तपकिरी, पिवळसर, विटकरी असा बदलतो. पाठीवरच्या साखळीसारख्या अंडाकृती ठिपक्यांच्या तीन ओळी, त्रिकोणी डोके, डोक्यावरचे बारीक खवले आणि प्रेशर कुकरच्या शिटीसारखा दीर्घ फुत्कार या खुणा रंग फिका असतानाही राहतात. जुनी माणसे हिला परड म्हणतात. हिची गल्लत अजगराच्या पिल्लाशी आणि डुरक्या घोणशीशी होते. यांपैकी पहिली चूक फार महागात पडू शकते, कारण "अजगराचे पिल्लू आहे" म्हणून मुले साप उचलून घेतात.

नाग आणि धामण यांच्या संकरातून विचित्र रंगाचे साप होतात, असे ऐकले आहे.

असा संकर होत नाही. नाग आणि धामण यांची कुळेच वेगळी आहेत. धामण ही नागाची मादी, ही समजूतही अशीच निराधार आहे. नागांत नर-मादी दोन्ही असतात आणि धामणींतही. एकमेकांना विळखा घालून उभे राहिलेले दोन साप लोकांना दिसतात, ते पुष्कळदा एकाच जातीचे दोन नर असून त्यांची झुंज चाललेली असते.

ओळखण्यासाठी छायाचित्र कसे काढावे?

मोबाइल हातात घेऊन पुढे जाऊ नये. किमान सात-आठ फुटांवर उभे राहून चित्र मोठे करावे. एक संपूर्ण सापाचे, एक डोक्याचे बाजूने, आणि एक पाठीचा मधला भाग वरून दिसेल असे, ही तीन छायाचित्रे मिळाली तर बहुतेक ओळखी लागतात. सापाचे तोंड फुलासारखे जवळून टिपण्याचा मोह अनेकांना होतो, आणि त्या एका चित्रातून जात सांगणे आम्हाला जमत नाही.

रंगाबाबत मात्र छायाचित्रावर विसंबू नये. पिवळ्या बल्बखाली गव्हाळ नाग सोनेरी दिसतो, ट्यूबलाइटखाली राखाडी, आणि रात्री फ्लॅश जवळून पडला तर त्याची चकाकती पाठ चक्क पांढरी येते. एकदा मला "पांढरा नाग" म्हणून आलेल्या चित्रात मागची निळ्या रंगाची भिंतही पांढरीच दिसत होती. सापात काही वेगळे नव्हते. शक्य असेल तर सावलीत, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून चित्र घ्यावे आणि चौकटीत जमीन, गवत किंवा विटेसारखी एखादी ओळखीची वस्तू आपोआप येईल असे पाहावे. म्हणजे रंगाचा अंदाज लावता येतो.

साप निघून गेला, फक्त कात मिळाली. तिच्यावरून काही कळते का?

बरेच कळते, रंग सोडून. कात जवळपास पारदर्शक असते, तिच्यावर नक्षीची पुसट छाया तेवढी राहते, त्यामुळे काळ्या नागाची कातही पांढुरकीच दिसते. "पांढऱ्या सापाची कात" असा काही प्रकार नाही. परंतु खवल्यांची रचना कातीवर जशीच्या तशी उमटलेली असते. ती पाण्यात भिजवून हळूच पसरावी आणि उजेडासमोर धरावी : कण्यावरचे खवले मोठे आहेत का, शेपटीखालचे अखंड आहेत की दुभागलेले, डोक्यावर मोठी ढालीसारखी खवल्यांची पाटी आहे की बारीक दाणे, हे निवांत पाहता येते. लांबीवरून मात्र सापाचा अंदाज बांधू नये. निघताना ताणली गेल्यामुळे कात सापापेक्षा लांब असते. गावात ओळख शिकायची असेल तर मी नेहमी कातीपासूनच सुरुवात करायला सांगतो, कारण ती चावत नाही.

अनोळखी रंगाचा साप चावला, तर आधी तो कोणता होता हे शोधावे का?

मुळीच नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर आपल्याकडे एकच संयुक्त प्रतिविष दिले जाते. डॉक्टर रुग्णाची लक्षणे आणि रक्त गोठते की नाही हे पाहून उपचार ठरवतात. साप पिशवीत घालून नेल्याने उपचार लवकर होत नाहीत, उलट दुसऱ्या माणसाला दंश होण्याची शक्यता वाढते. छायाचित्र सहज मिळाले तर न्यावे, त्यासाठी एक मिनिटही थांबू नये.

चावलेल्या माणसाला धीर द्यावा, चालू देऊ नये, अंगठ्या, कडे, पैंजण काढावेत, हात किंवा पाय मोडल्यावर फळी लावून जसा स्थिर ठेवतात तसा ठेवावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवून किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखान्यात न्यावे. आवळून दोरी बांधणे, चिरा पाडणे, तोंडाने रक्त ओढणे, कोंबडी लावणे आणि मांत्रिकाकडे नेणे, यांत जाणारा वेळ परत मिळत नाही.

मण्यारीच्या दंशाबाबत एक गोष्ट स्वतंत्रपणे लक्षात ठेवावी. तो बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो, दुखत नाही, सूज येत नाही आणि कधीकधी दातांच्या खुणाही दिसत नाहीत. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होऊन खाली येणे, बोलणे किंवा गिळणे कठीण होणे, ही लक्षणे दिसली तर घरात साप कोणी पाहिलेला नसला तरी रुग्णाला ताबडतोब हलवावे.

असा दुर्मीळ साप पकडून ठेवावा का? त्याला मोठी किंमत मिळते म्हणतात.

साप पकडणे, मारणे, बाळगणे आणि विकणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे, आणि साप पांढरा असल्याने त्यात सूट मिळत नाही. मांडुळाच्या वजनावर लाखो रुपये देऊ करणारी माणसे गावोगाव फिरतात. अशा व्यवहारांत पैसे मिळाल्याचे मी पाहिलेले नाही, पकडले गेल्याचे मात्र पाहिले आहे. सापाच्या डोक्यात मणी नसतो, आणि त्याला गुप्तधनही दिसत नाही.

घरात साप निघाला असेल तर एका माणसाने दुरून त्याच्यावर नजर ठेवावी, मुले आणि जनावरे बाजूला घ्यावीत आणि परिसरातील सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. वावरात, धुऱ्यावर किंवा बोडीच्या पाळीवर दिसला असेल तर काहीच करू नये. तो आपल्या वाटेने जाईल. आणखी एक विनंती : वेगळ्या रंगाच्या सापाचे चित्र इतरांना पाठवताना गावाचे आणि वावराचे नाव लिहू नये, कारण असे साप शोधत फिरणाऱ्यांना तेवढेच हवे असते.

अशा सापाची नोंद करताना काय लिहावे, आणि त्याला सोडावे कुठे?

तारीख, वेळ, जागा कशी होती (कुटार, पऱ्हाटीचा ढीग, विहीर, कोठा), अंदाजे लांबी, डोळ्याचा रंग, आणि नक्षी पुसट का होईना दिसत होती का, एवढे लिहिले तरी पुष्कळ झाले. "पांढरा साप" असे लिहिलेल्या नोंदीचा पुढे कोणालाच उपयोग होत नाही. "डोळा लाल, अंग पिवळसर, शेपटीकडे फिके पट्टे, कण्यावरचे खवले मोठे" या नोंदीवरून दहा वर्षांनीही जात सांगता येते.

सोडण्याचे काम वनविभागाला कळवून सर्पमित्रानेच करावे, आणि साप जेथे मिळाला तेथून फार दूर नेऊ नये; अनोळखी रानात त्याला ना बीळ माहीत असते, ना पाणी. अल्बिनो सापाच्या बाबतीत वेळही पाहावी लागते, कारण रंगद्रव्य नसलेल्या डोळ्यांना प्रखर उजेड सोसत नाही आणि उघड्यावर तो लगेच नजरेस पडतो. कुटारातली ती मण्यार आम्ही दिवे लागल्यानंतर जवळच्याच नाल्याच्या काठी, दगडांच्या कपारीशी सोडली. थोडा वेळ ती बॅटरीच्या कडेच्या उजेडात पांढरी रेघ ओढल्यासारखी दिसत राहिली, मग आम्ही बॅटरी विझवली आणि परत आलो.